पाव्हणं, पास दाखवा

आमच्या क्लासात वीस दिवसांत सिक्युरिटी गार्ड तयार होतो. म्हणजे कागदावर तरी होतो. काय शिकवायचं ते वरून छापून आलेलं असतं: गेट, रजिस्टर, आग, प्रथमोपचार, शिट्टी, सलाम. ते शिकवून झालं की मीच विसरून जातो. छापलेलं नसतं ते मात्र डोक्यात साचत जातं. मग एखाद्या लग्नात पंगतीला बसलं की शेजारचा हळूच म्हणतो, "सर, ते तात्यांचं सांगा की." एक सांगितलं की मागचं दुसरं आपसूक निघतं, आणि वाढपी दोनदा येऊन गेला तरी ताटातली जिलेबी तशीच असते.

आज एकाच बॅचचं सांगतो. त्यानंतर बऱ्याच बॅचेस झाल्या, पण ती एक काही मनातून जात नाही.

आमचा क्लास बारामतीत, भिगवण रोडला, खतांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खालून फवारणीच्या औषधांचा वास येतो, त्यामुळं वर्गात कुणाला झोप लागत नाही. मी स्वतः पोलीस भरतीला पाच वेळा उभा राहिलेला माणूस. पाचव्या वेळी एका मार्कानं गेलो आणि त्यानंतर वयच गेलं. म्हणून शिकवतो. हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकतो, कारण नंतर कुणीतरी विचारतंच.

* * *

पहिल्या दिवशी माझा एक ठरलेला प्रश्न असतो. पोलीस किंवा मिलिटरी भरतीला कोण कोण जाऊन आलंय, हात वर करा. इंदापूर आणि बारामती तालुक्यात हा प्रश्न विचारायचा म्हणजे हातांचं शेतच उगवतं. कुणाचा गोळा कमी पडलेला, कुणाचं पळणं दोन सेकंदांनी हुकलेलं, कुणाची छाती फुगलीच नाही. प्रत्येकाला आपापला आकडा पाठ असतो. बायकोची जन्मतारीख विचारा, अडखळतील.

त्या दिवशी एकच हात खाली होता. लासुर्ण्याचे मच्छिंद्र तात्या. वय पन्नाशीच्या पुढं, पंधरा वर्षं डाळिंबाच्या एका पॅकहाऊसच्या गेटवर उभे. आता माल परदेशात जातो, तर तिकडच्या लोकांना गार्डसुद्धा सर्टिफिकेटवाला लागतो, म्हणून मालकानं पाठवलेले. मी विचारलं, तात्या, तुम्ही कधी भरतीला गेला नाहीत?

"आमची उंची कुणी मोजलीच न्हाय सर," ते म्हणाले. वडील लवकर गेले, जनावरं होती, शाळा चौथीत सुटली.

फॉर्मवर उंची लिहावी लागते. आमच्या भिंतीवर फुटांच्या खुणा रंगवलेल्या आहेत. तात्यांचा नंबर आला. चपला काढा म्हटलं तर त्यांनी टोपी, गळ्यातला पंचा, खिशातली तंबाखूची पिशवी, सगळं काढून टेबलावर ठेवलं. भिंतीला टाचा लावल्या, श्वास धरला, डोळे समोर. पाच फूट आठ इंच. मी आकडा मोठ्यानं वाचला आणि पुढच्याला बोलावलं.

तात्या काही हलेनात. मग हळूच त्यांनी विचारलं, तेव्हा पोलिसात किती लागायची? मी सांगितलं, पाच फूट पाच.

"म्हंजी बसलो असतो की मी," तात्या म्हणाले, आणि टोपी घालून जागेवर जाऊन बसले.

* * *

दुसरा आठवडा गेटचा. नियम साधा आहे. येणाऱ्याला नमस्कार करायचा, ओळखपत्र मागायचं, कोणाकडे काम आहे ते विचारायचं, रजिस्टरला नोंद करायची. पुण्या-मुंबईकडं हे दहा मिनिटांत शिकवून होत असेल. आमच्याकडं चार दिवस जातात, कारण आमच्या माणसाला परक्याचं नाव एकदम विचारणं जमतच नाही. ते उद्धटपणाचं वाटतं. आधी गाव विचारायचं असतं.

मी पाव्हणा झालो, तात्या गार्ड झाले, बाकीचे बघायला. माझ्या खिशात मुद्दाम ओळखपत्र ठेवलेलं नव्हतं. तात्यांनी हात जोडले आणि विचारलं, "राम राम. गाव कुठलं?"

मला सुचेना, मी सासुरवाडीचं नाव ठोकून दिलं, निमगाव केतकी. तिथंच चुकलं. निमगावात कुणाचे, वरच्या आळीचे का खालच्या, विहिरीजवळच्या घरातले का, त्या घरातली थोरली कळस गावात दिलीय तीच का. चौथ्या प्रश्नाला माझ्या मेव्हणीची जाऊ तात्यांच्या साडूची बहीण निघाली. तात्यांनी गार्डची खुर्ची माझ्याकडं सरकवली, वर्गातल्या एकाला पाणी आणायला पिटाळलं, आणि मी ओळखपत्र न दाखवता आरामात आत जाऊन बसलो.

मी उठून म्हणालो, "तात्या, चोर आत गेला की."

तात्यांना माझी कीव आली असावी. "चोर कसा? आमचा जावई हाय त्यो."

सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण मग खडूनं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: गेटवर नातं नाही. चार दिवस ते पुसू दिलं नाही.

* * *

त्या फळ्याकडं एकटक बघत बसायची ती कमल. बॅचमध्ये तीन बायका होत्या, त्यातली ही सगळ्यांत मोठी, सदतीस वर्षांची. माहेर सणसर, सासर अंथुर्णे, नवरा भाजीपाल्याचा टेम्पो चालवतो. बारामतीतल्या एका दवाखान्याला गेटवर बाई गार्ड हवी होती, पण सर्टिफिकेटवालीच.

ॲडमिशनच्या दिवशी तिनं कागद दिले. आधार, दहावीचं मार्कशीट, दोन फोटो आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात एक पिवळं पडलेलं हॉल तिकीट. पोलीस भरती, लेखी परीक्षा. फोटोतली पोरगी एकवीस वर्षांची, दोन वेण्या, डोळे कॅमेऱ्यावर रोखलेले. मी म्हणालो, ताई, हे इथं चालत नाही.

"माहिती हाय सर. सोबत असू दे म्हणलं."

मग तिनं सांगितलं. ग्राउंडला ती तालुक्यात सगळ्यांच्या पुढं होती. लेखीच्या दिवशी सकाळी आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला घराबाहेर पडू दिलं नाही. मारलं नाही, ओरडले नाहीत. उंबऱ्यात बसून राहिले आणि एवढंच म्हणाले की आबाची लेक रस्त्यावर काठी घेऊन उभी राहिलेली मला बघवणार नाही. दुपारी बघायला पाव्हणे आले. महिन्यानं लग्न झालं. आबांना सणसरात मान आहे, कारखान्याचे जुने सभासद, भांडण मिटवायला लोक त्यांच्याकडं येतात. त्यांच्यापुढं कोण बोलणार?

"आता काय म्हणतात?" मी विचारलं.

"आता सांगितलंच न्हाय. सर्टिफिकेट हातात आलं की सांगीन. तवर त्यास्नी कळलं तर हितनंबी घेऊन जातील."

सदतीस वर्षांची बाई, दहावीला पोरगा असलेली, आणि तिला बापानं घेऊन जायची भीती. मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही, कारण तिला खरंच तसं वाटत होतं.

* * *

युनिफॉर्म आले तेव्हाची गोष्ट. निळा शर्ट, काळी पँट, टोपी, शिट्टीची दोरी. सगळ्यांनी घरी नेले, कुणी घरच्यांना दाखवायला, कुणी फोटो काढायला. एकानं तर त्याच संध्याकाळी युनिफॉर्ममध्ये साखरपुडा उरकला. कमलचा युनिफॉर्म मात्र आमच्या सामानाच्या खोलीत हँगरला. ती रोज साडीत यायची, तिथं बदलायची, जाताना पुन्हा साडी.

आठवडा झाला. मी म्हणालो, ताई, नियमात स्वच्छता पण येते, घरी नेऊन धुवा.

ती म्हणाली, "अंथुर्ण्यात दोरीवर पँट वाळत घातली की सणसरात दिसती सर."

मग आमच्या क्लासमागच्या नळावर तिनं तो धुतला आणि गच्चीवर वाळत घातला. दुपारभर ती दर तासाला वर जाऊन बघून येत होती. वाळला का म्हणून असेल. पण मी एकदा जिन्यात उभा होतो, तेव्हा ती कपड्याला हात न लावता नुसतीच समोर उभी राहिली होती.

* * *

कपड्यांवरून माझाच एक सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचंच सांगतोय.

आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडं माझे निळे शर्ट जातात. त्याच बॅचच्या वेळी एकदा दुपारी गठ्ठा घरी आणून सोडला तर सगळ्यांत वर खाकी शर्ट. कुणा हवालदाराचा, चुकून आलेला. लगेच परत नेऊन द्यायचा, सरळ गोष्ट आहे.

मी दार लावून घेतलं आणि तो घातला. कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो. एकदा सावधान, एकदा विश्राम. किती वेळ गेला कळलं नाही, मागं बघतो तर बायको दारात. मागच्या दारानं आत आली होती. मी घाईघाईनं शर्ट काढला. तिनं तो माझ्या हातून घेतला, होत्या त्याच घड्या पुन्हा घातल्या.

"खांद्यात अगदी बरोबर बसला होता," ती म्हणाली.

मी दुकानात गेलो तर तिथं एक आडवा-तिडवा हवालदार माझा निळा शर्ट हातात धरून उभा. त्यानं माझा घालून बघितला होता का, हे विचारायचं राहून गेलं.

* * *

शेवटचा आठवडा फील्डवरचा. प्रत्येकानं खऱ्या गेटवर उभं राहायचं, तिथल्या साहेबानं शेवटच्या दिवशी शीटवर सही करायची. सही नाही तर सर्टिफिकेट नाही, पुन्हा पहिल्यापासून वीस दिवस. तात्यांना त्यांचंच पॅकहाऊस मिळालं. तीन दिवसांनी आमच्या सिक्युरिटी एजन्सीचे साहेब रजिस्टर तपासायला आले, सोबत मी.

रजिस्टरला एक नोंद होती. नाव: बाबूराव काटेवाले. कोणास भेटायचे: कुणालाच न्हाय. येण्याचे कारण: करमत न्हाय म्हणून. आत चार वाजता, बाहेर साडेसहा.

साहेब लाल झाले. हा माणूस अडीच तास आत काय करत होता? तात्यांनी सांगितलं, आत गेलाच नाही. बाबूराव इथं वीस वर्षं वजनकाट्यावर होते, आता काटा कॉम्प्युटरचा झाला, त्यांना घरी बसवलं. आठवड्यातून एकदा येतात, गेटवर बसतात, गाड्या मोजतात, जातात.

आत गेलाच नाही तर लिहिलं कशाला, साहेबांचा पुढचा प्रश्न.

"नाव लिवलं की त्याला बरं वाटतं," तात्या म्हणाले.

साहेबांनी कपाळाला हात लावला. कारणाच्या रकान्यात असलं काही चालणार नाही, तिथं 'वैयक्तिक' किंवा 'कार्यालयीन' एवढंच लिहायचं, आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा, असं सांगून ते चहा प्यायला गेले. तात्यांनी लगेच दुरुस्ती केली. मी वाकून बघितलं. 'वैयक्तिक करमत न्हाय म्हणून.'

साहेब परत येण्याआधी मीच पान उलटलं.

* * *

लेखी परीक्षेचं एका ओळीत सांगतो. सुरक्षारक्षकाचे तीन गुण लिहा, असा प्रश्न होता. पोरांनी सतर्कता, प्रामाणिकपणा, शिस्त असं पुस्तकातलं छान उतरवलं. तात्यांना लिहायला वेळ लागतो. त्यांनी लिहिलं होतं: उभं राहणं, उभं राहणं, आणि कुणी बसा म्हणालं तरी उभं राहणं. मी पूर्ण मार्क दिले. वरच्यांनी विचारलं तर काय सांगायचं हे अजून ठरवलेलं नाही.

* * *

आता कमलचं.

तिचं फील्ड त्या दवाखान्याच्या गेटवर होतं. तिथले सिक्युरिटी ऑफिसर म्हणजे निवृत्त सुभेदार. कडक माणूस. शीटवर त्यांची सही मिळवणं म्हणजे आमच्याकडं बोर्डाची परीक्षा. भेटीची वेळ चार ते सहा, एका पेशंटमागं एकच पास, पासाशिवाय कुणी आत नाही. आणि आमच्या लोकांचं तुम्हाला माहितीय. एक माणूस ॲडमिट झाला की टेम्पो भरून गाव येतं, गेटवर गार्डचं गाव विचारतं आणि नातं काढून आत जातं. याच पायी आधीचे दोन गार्ड घरी गेले होते.

कमलनं पाच दिवस कुणाला आपलं गाव सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, पास दाखवा.

शेवटच्या दिवशी सही घ्यायला मी गेलो होतो. दुपारचे दोन वाजले असतील. सुभेदार साहेब शीट घेऊन खुर्चीत, मी त्यांच्या शेजारी. रिक्षातून एक म्हातारे गृहस्थ उतरले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात कापडात बांधलेला डबा. ताठ चालत गेटपाशी आले आणि थांबले. कमलचा चेहरा बघून मला सांगायची गरज उरली नाही. सणसरचे आबा. त्यांचा मेहुणा, म्हणजे कमलचा मामा, कालच हर्नियाच्या ऑपरेशनला ॲडमिट झाला होता. तिला ते ठाऊकच नव्हतं.

आबांनी तिला टोपीपासून बुटांपर्यंत बघितलं. ती सावधानमध्ये उभी होती. सुभेदारांना काहीच माहीत नव्हतं. ते नुसते बघत होते, पेन उघडून.

"कमळे," आबा म्हणाले. "मामाला जेवाण द्यायचंय."

मी मनात म्हणालो, सोड बाई. सोड, आपण पुन्हा वीस दिवस करू, फी मी भरतो. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, नको सोडू.

ती म्हणाली, "नमस्कार. भेटायची वेळ चार ते सहा हाय. पास खिडकीवर मिळंल. डबा माझ्याकडं द्या, वॉर्डातल्या मावशी आत्ता नेऊन देतील." तिनं पेशंटचं नाव विचारलं. स्वतःच्या सख्ख्या मामाचं नाव, बापाला. आबांनी ते सांगितलं. तिनं रजिस्टरला लिहिलं, डबा मावशींच्या हातात दिला, परत जागेवर आली.

आबा वळले आणि रस्ता ओलांडून गेले. सुभेदारांनी शीटवर सही केली, शिक्का मारला आणि माझ्याकडं सरकवली. मी ती उचलून कमलला दाखवली. तिनं बघितली नाही. नजर समोर ठेवूनच मला विचारलं, "गेलं का सर ते?"

मी म्हणालो, दिसत नाहीत.

त्यानंतरचे दोन तास मी कशाला थांबलो, माझं मलाच माहीत नाही. शिकवायला काही उरलं नव्हतं. ऊन होतं, कमल पाणी प्यायलाही हलली नाही. मी तिला बसा म्हणालो, तर ती उभीच राहिली.

चार वाजता पासवाल्यांची रांग लागली. आठव्या-नवव्या नंबरला पांढरी टोपी. आबा. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीमागं दोन तास बाकावर बसून होते, हे टपरीवाल्यानं नंतर सांगितलं. हातात पास, चार बोटांत घट्ट धरलेला. रांग पुढं सरकली की एक पाऊल, थांबली की थांबायचं.

तेवढ्यात एक जीप आली. सणसरकडचेच चौघे, इस्त्रीच्या कपड्यांतले. पास नाही, घाई आहे. पुढच्याला रांगेत आबा दिसले आणि त्याचा चेहरा उजळला. जवळ येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "आबा, तुमी आन् लायनीत? गेटवर तर तुमचीच कमळ हाय. सांगा की तिला, सोडंल समद्यास्नी."

रांगेतली सगळी माणसं आबांकडं बघायला लागली. कमलही.

आबांनी टोपी नीट केली.

"व्हय, माझीच लेक हाय ती. म्हणून तर सांगतोय, पास काढून ये."